भास्कराचार्य: ‘या क्षणी वेग किती?’ असं विचारणारा आपल्या मातीतला गणिती



नांदेडहून लातूरला निघालात की मोबाइलवर मॅप लावता ना? अंतर साधारण १४० किलोमीटर. समजा साडेतीन तास लागले, तर सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर झाला. पण लोह्याच्या बाजारातून गाडी जेमतेम १० ने सरकत होती आणि अहमदपूरच्या पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर ८० ने पळत होती. मॅपच्या कोपऱ्यात जो आकडा सतत बदलत असतो, तो ४० नाही. तो ‘आत्ताचा’ वेग आहे.

मी नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. दरवर्षी पहिल्याच महिन्यात इथे गाडी अडते. डीएस बाय डीटी हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. मग मी विचारतो, “एका क्षणात गाडी किती अंतर जाते? शून्य. क्षणाला वेळ किती लागतो? तोही शून्य. मग शून्याला शून्याने भागून वेग कसा काय काढला?” वर्गात शांतता! एमसीक्यू सुटतो, पण हे सांगता येत नाही.

या अवघड प्रश्नाला पावणेनऊशे वर्षांपूर्वी हात घालणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. नाव सगळ्यांना माहीत आहे, काम फार थोड्यांना. चला तर मग, भास्कराचार्यांची गोष्ट नीट समजून घेऊया.

भास्कराचार्य नेमके कोण?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. हे आपल्याला कळतं, कारण त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवलंय. सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणिती होऊन गेले, म्हणून अभ्यासक यांना ‘दुसरे भास्कर’ म्हणतात. ‘भास्कर’ नावाचे दोन भारतीय उपग्रह १९७९ आणि १९८१ मध्ये सोडले गेले, ते या दोघांच्या नावाने.

सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड हे आपलं गाव, असं ते सांगतात. आता हे गाव कोणतं? काही अभ्यासक आपलं बीड म्हणतात, काही विजापूर म्हणतात. बरेच जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात, कारण त्यांच्या घराण्याचा शिलालेख तिथेच सापडलाय. पाटण म्हणजे आजचं पाटणादेवी. मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या गौताळ्याच्या जंगलाचाच तो भाग.

घराणं विद्वानांचं होतं. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

मूळ ग्रंथ श्लोकांत आहे. त्या काळी पुस्तक हाती मिळणं सोपं नव्हतं, पाठांतर हीच पेन ड्राइव्ह होती. पण भास्कराचार्य तिथे थांबले नाहीत. ग्रहगणित आणि गोलाध्यायावर त्यांनी स्वतःच गद्यात टीका लिहिली, तिचं नाव ‘वासनाभाष्य’. आजच्या मराठीत ‘वासना’ शब्दाचा अर्थ वेगळाच झालाय, पण तेव्हा गणितात त्याचा अर्थ होता उपपत्ती. म्हणजे सूत्र ‘का’ खरं आहे याचं स्पष्टीकरण. सूत्र पाठ करायला श्लोक आणि समजून घ्यायला भाष्य, अशी दुहेरी सोय. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

लीलावतीतली वेगाची गणितं

लीलावतीमधली गणितं आजच्या पेपरातही शोभतील. तीन बघूया.

पहिलं, मोर आणि साप. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे. साप खांबापासून २७ हातांवरून बिळाकडे येतोय. मोराने त्याला पाहिलं आणि तिरकी झेप घेतली. दोघांचा वेग सारखा. मग मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल?

यात वेग दिलेला नाही आणि वेळही दिलेली नाही. विद्यार्थी म्हणतात, “सर, डेटा कमी आहे!” पण कमी नाही. वेग सारखा, निघण्याची वेळ सारखी आणि भेटण्याचीही सारखी, म्हणून दोघांनी कापलेलं अंतर सारखंच असणार. एवढं कळलं की पायथागोरस लावायचा. उत्तर १२ हात. मोर १५ हात उडाला, साप १५ हात सरपटला. ९, १२, १५ चा काटकोन त्रिकोण तयार झाला.

दुसरं, राजाची स्वारी. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं चालला. मग रोज ठरावीक प्रमाणात चाल वाढवत ७ दिवसांत ८० योजनांवरच्या शत्रूच्या नगरात पोहोचला. तर रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजनं. (२२/७ दिसलं म्हणून पाय समजू नका, तो निव्वळ योगायोग आहे.) आता नीट बघा. सुरुवातीचा वेग दिलाय, वेळ दिलीय, एकूण अंतर दिलंय आणि वेग कितीने वाढला ते विचारलंय. अकरावीच्या त्वरणाच्या गणिताचा हा सख्खा भाऊच. फरक इतकाच की राजाचा वेग दिवसागणिक पायरीपायरीने वाढतो, पुस्तकातल्या गाडीचा सलग वाढतो.

तिसरं, चार झरे आणि एक हौद. एकटा पहिला झरा हौद १ दिवसात भरतो, दुसरा १/२ दिवसात, तिसरा १/३ आणि चौथा १/६ दिवसात. चारही एकदम सोडले तर? इथे वेळांची बेरीज करायची नसते, दरांची करायची असते. एका दिवसात ते अनुक्रमे १, २, ३ आणि ६ हौद भरतात. मिळून १२. म्हणून एक हौद १/१२ दिवसात, म्हणजे २ तासांत भरेल. लातूरकरांना हे गणित वेगळं समजवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला १० टँकर-वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं होतं. ते उतरवायला किती पाइप लावायचे आणि टाकी किती वेळात भरेल, हा हिशेब याच जातीचा.

चंद्र, तिथी आणि ‘तात्कालिक गती’

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. भास्कराचार्यांना क्षणाचा वेग कशासाठी हवा होता? गाड्या तर नव्हत्या.

हवा होता तिथीसाठी. चंद्र सूर्यापेक्षा १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. ही तिथी दिवसात किंवा रात्री कधीही संपू शकते, आणि नेमकी कधी संपते हे पंचांगात द्यावं लागतं. अडचण अशी की चंद्र एका चालीने चालत नाही. सरासरी तो दिवसाला १३ अंशांपेक्षा थोडं जास्त सरकतो. पण कधी १२ पेक्षाही कमी, तर कधी १५ पेक्षा जास्त.

सोपा मार्ग कोणता? आजच्या आणि उद्याच्या जागेतला फरक काढायचा, तोच दिवसभराचा वेग धरायचा. भास्कराचार्य याला स्थूल गती म्हणतात. म्हणजे आपली सरासरी. पण दिवसभरातही चंद्राचा वेग बदलतो. म्हणून त्यांनी सांगितलं की तिथीचा शेवट दूर असेल तर स्थूल गती चालेल, पण जवळ आला असेल तर त्या वेळेचीच गती वापरा. तिला नाव दिलं तात्कालिक गती. तत्काळ, म्हणजे ‘त्या वेळची’. आज मराठीत ज्याला तात्कालिक वेग म्हणतात, तो शब्द असा जुना आहे.

ही गती काढायची कशी? त्यासाठी माळेगावच्या जत्रेत जाऊया. तिथला आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. पाळणा एकाच वेगाने फिरतोय. तुम्ही बाजूला, मधल्या उंचीवर असता तेव्हा झपकन वर जाता, पोटात गोळा येतो. पण अगदी वर पोहोचलात की क्षणभर उंची बदलतच नाही. फिरण्याचा वेग तोच, पण उंची वाढण्याचा वेग जागेप्रमाणे बदलतो. मधल्या पातळीपासूनची उंची म्हणजे साइन, त्या काळच्या भाषेत ज्या. उंची वाढण्याचा वेग ठरतो कोसाइनवर, म्हणजे कोटिज्येवर.

आकडे बघा. कोन ० वरून १ अंश झाला की साइन ०.०१७५ ने वाढतो. ६० वरून ६१ झाला की ०.००८६ ने, म्हणजे जवळपास निम्म्याने. आणि ६० अंशांचा कोसाइन किती? बरोबर अर्धा! ८९ वरून ९० झाला की वाढ फक्त ०.०००१५, जवळजवळ काहीच नाही.

साइनमधली बारीकशी वाढ कोसाइनच्या प्रमाणात असते, हे भास्कराचार्यांनी चंद्राच्या गतीला लावलं. पुढे जाऊन हेही सांगितलं की ग्रहाच्या सरासरी जागेत करायची दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी असते, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य होते. आकाशपाळण्याच्या टोकावर जे होतं, तेच. बारावीत तुम्ही ‘मॅक्सिमा असेल तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य’ असं पाठ करता ना? त्यामागची कल्पना हीच.

एक गंमत सांगतो. तुमचा फोन वेग काढताना बऱ्याचदा जागांची वजाबाकी करत बसत नाही. रेल्वे जवळ येताना हॉर्नचा आवाज चढा लागतो आणि दूर जाताना पडतो, तसाच उपग्रहाच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत होणारा बारीक बदल मोजून फोन थेट ‘आत्ताचा’ वेग काढतो. यंत्र नवीन, प्रश्न तोच.

वेळ मोजल्याशिवाय वेग नाही

वेग काढायचा तर घड्याळ हवं. त्या काळचं घड्याळ म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. दिवसाच्या ६० घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची.

या वाटीची एक प्रसिद्ध दंतकथा आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र लावलं होतं. ती वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. मग तिच्या समाधानासाठी वडिलांनी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. ही गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे इतिहास म्हणून ती घेता येत नाही. पण तिच्यातलं तंत्रज्ञान मात्र अगदी खरं आहे: घड्याळ बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं.

आता भास्कराचार्यांची कागदावरची एककं बघा. एका घटिकेच्या ३० कला, कलेच्या ३० काष्ठा, काष्ठेचे १८ निमेष. निमेषाचा ३० वा भाग म्हणजे तत्पर आणि तत्पराचा १०० वा भाग म्हणजे त्रुटी. कॅल्क्युलेटर काढा आणि गुणाकार करा. एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात! इतका छोटा काळ मोजणारं यंत्र तेव्हा कुठेच नव्हतं. ही फक्त हिशेबातली सोय होती.

पण आज तुमच्या खिशातल्या फोनला त्रुटीसुद्धा फार मोठी पडते. जीपीएसचा उपग्रह ‘मी अमुक वेळेला सिग्नल सोडला’ असं सांगतो. तो पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. अशा किमान चार उपग्रहांवरून तुमची जागा ठरते. सिग्नल सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका त्रुटीत जवळपास ९ किलोमीटर! उपग्रहाचं घड्याळ एक त्रुटी चुकलं, तर अंतराचा हिशेब ९ किलोमीटरने चुकेल. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ लागतं.

भोकात मोती अडकण्याचा प्रकार आपल्या काळातही घडलाय. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला आणि पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह जागेवर होता, पण घड्याळाशिवाय जागा सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. ती घड्याळं परदेशी होती. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ बसवलंय.

फॉरवर्डमधले दावे: खरं किती?

‘न्यूटनच्या आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण आणि कॅल्क्युलस शोधलं’ असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. एकेक तपासूया.

गुरुत्वाकर्षण: पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे आणि जड वस्तू तिच्यामुळे खाली येतात, हे त्यांनी गोलाध्यायात लिहिलंय. हे खरं. पण ही ओढ अंतरानुसार किती बदलते, तीच ओढ चंद्राला कशी फिरवते, हे त्यात नाही. शिवाय त्यांच्या मांडणीत पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे.

कॅल्क्युलस: तात्कालिक गतीची कल्पना खरी, साइन-कोसाइनचा संबंधही खरा. त्या संबंधाची सुरुवात त्यांच्याही आधी, दहाव्या शतकातल्या मुंजालाकडे दिसते. पण कुठल्याही वक्राला लावता येईल अशी सर्वसाधारण पद्धत आली १७ व्या शतकात, न्यूटन आणि लायबनिझ यांच्याकडून. शून्याला शून्याने भागण्याचं कोडं नीट सुटायला तर १९ वं शतक उजाडलं.

आपोआप फिरणारं चाक: पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं, स्वतःच फिरत राहणारं चाक त्यांच्या ग्रंथात आहे. असं चाक फिरत राहू शकत नाही, ऊर्जेचा नियम आडवा येतो.

यामुळे भास्कराचार्य लहान होतात का? मला तसं वाटत नाही. ज्यांच्याकडे ना दुर्बीण होती, ना सेकंदकाटा, त्यांनी ‘आत्ताचा वेग’ ही वेगळी गोष्ट आहे हे ओळखलं, तिला नाव दिलं आणि ती काढायची रीत सांगितली. हे एवढं खरं पुरेसं मोठं आहे, त्यावर मुलामा चढवायची गरज नाही. यंत्रांची यादी दिल्यावर त्यांनी सगळ्यांत वरचं स्थान कशाला दिलं माहितीय? धीयंत्राला. म्हणजे बुद्धीला. हातात एक साधी काठी असली तरी डोकं वापरणारा माणूस तिने उंची आणि अंतर मोजतो, असा त्यांचा मुद्दा.

पाटणचा मठ आणि तेलाचे घाणे

वयाच्या ६९ व्या वर्षी, इ.स. ११८३ च्या सुमाराला, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना झटपट आकडेमोड करता यावी म्हणून सोप्या रीतींचा छोटा ग्रंथ. सिद्धान्तशिरोमणीची लाइट आवृत्तीच म्हणा.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारात नेलं. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. या नातवाने पाटणला एक मठ काढला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठीच. शके ११२८ च्या त्याच्या दानाचा शिलालेख १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

मला या लेखाचा शेवट सगळ्यात जास्त आवडतो. वरचा भाग संस्कृतात आहे, घराण्याची थोरवी वगैरे. पण मठाचा खर्च कोण देणार, हे लिहिताना भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. बाजारातल्या व्यवहारांतून काही भाग मठाला, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला, असा हिशेब आहे. ज्यांना लीलावतीचा एक श्लोकही वाचता येत नसेल, अशा तेल्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या पैशांवर चंद्राच्या वेगाचं गणित शिकवलं जात होतं. आजही नांदेड-लातूरला मुलाला ठेवून फी भरणारा बाप बऱ्याचदा स्वतः डेरिव्हेटिव्ह शिकलेला नसतो. तरी भरतो.

हा वारसा गोदावरीच्या काठाने आपल्यापर्यंतही आला. परभणी जिल्ह्यातलं पाथरी, तेव्हाचं पार्थपूर, तिथल्या ज्ञानराजांचा मुलगा सूर्यदास याने १६ व्या शतकात लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या. पाथरीहून नांदेड फार लांब नाही.

मग आपण काय घ्यायचं?

भास्कराचार्यांनी सूत्र दिलं आणि सोबत ‘का’ तेही लिहिलं. गोल न समजता नुसती आकडेमोड करणाऱ्या ज्योतिष्याची त्यांनी तूप नसलेल्या जेवणाशी तुलना केलीय. आज ओएमआर शीटवर ‘का’ लिहायला जागाच नसते, ही अडचण मला माहीत आहे. पण सूत्राचं कारण एकदा कळलं की पेपरात प्रश्न फिरवून आला तरी हात थरथरत नाही, हे मी वर्गात दरवर्षी बघतो.

म्हणून जाता जाता लीलावतीतलं आणखी एक गणित देतो. १०० हात उंच झाडावर दोन माकडं आहेत. झाडापासून २०० हातांवर विहीर आहे. एक माकड खाली उतरून चालत विहिरीवर गेलं. दुसऱ्याने झाडावरून थोडी वर उडी मारली आणि तिथून तिरकं थेट विहिरीवर आलं. दोघांनी कापलेलं अंतर सारखंच भरलं. तर उडी किती उंच होती?

उत्तर मीच सांगून टाकतो: ५० हात. आता ते ‘का’ येतं, हे वहीत मांडा आणि एखाद्या मित्राला समजावून सांगा. त्याला समजलं, तर तुम्हालाही समजलंय असं खुशाल समजा!